उजवा कौल

आमच्या घरात देव मानायचं काम माझ्याकडं हुतं, आन न मानायचं ह्यांच्याकडं. भाकरी मी थापायची, म्हशीची धार ह्यांनी काढायची, तशीच ती वाटनी. त्यावरनं कवा भांडान झालं न्हाय. मी दिवा लावून हात जोडलं की हे मागनं म्हनायचं, "माझं बी सांग की गं. सायबानं रजा मंजूर करावी म्हनावं." मी म्हनायची, "गप बसा. तुमचं नाव घेतलं तर माझं हाय ते बी जाईल."

हे म्हंजी सिद्धू, माझा नवरा. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हनत्यात, पर सांगायला बसल्यावर येकदा तरी घ्यायलाच पायजे. लोनी देवकरच्या कंपनीत कामाला हायती. माझं नाव म्हाळसा. बापानं देवाच्या बायकूचं नाव ठिवलं, मंग मी देव मानायचा न्हाय तर कुनी मानायचा?

सासऱ्यास्नी मी मामा म्हनते. हे आबा म्हनत्यात, गाव तात्या म्हनतंय. निमगाव केतकीच्या वरल्या अंगाला माळावर आमची वस्ती, आन वस्तीच्या म्होरं बिरोबाचं देऊळ. पुजारी आमच्याच घरचा. मामांनी जलमभर मेंढरं राखली, दर साली कोकनापतूर चालत गेलं. आता थोडी मेंढरं ठिवल्यात घरामागं, आन सकाळ-संध्याकाळ देवाचं बघत्यात. त्यांच्या हातचा कौल घ्यायला पार लांबनं मानसं यायची. कौल म्हंजी काय, तर देवाच्या दोनी खांद्यांवर ओली शेवंतीची फुलं चिकटवायची, गाऱ्हानं घालायचं, आन टक लावून बघत बसायचं. उजवं फूल आदी पडलं तर देव व्हय म्हनला. डावं पडलं तर न्हाय म्हनला.

"फूल वाळलं की पडनारच की आबा," हे म्हनायचं. "त्यात देव कुठनं आला?"

"आरं पर कंचं आदी वाळायचं, ते कोन ठरवतंय?" मामा इचारायचं.

"वारं."

"मंग वाऱ्याला इचार जा, मला कशाला इचारतो." आसं म्हनून मामा तंबाखू मळायचं, आन दोघं बापल्योक हसत बसायचं.

पर ह्यांचं न मानायचं कारन हसन्यावारी न्हेन्यासारखं नव्हतं. हे ल्हान आसताना बापासंगं रानात हुतं, आन गारा पडल्या. आडोसा न्हाय, काय न्हाय. कोकरं ह्यांच्या डोळ्यादेखत मेली. आन मामा त्या मेलेल्या कोकरांत उभं ऱ्हाऊन हात जोडून म्हनलं, बिरुबा, माझं पोरगं वाचिवलंस, तुजं लई उपकार. लगीन झाल्यावर ह्यांनी मला ते सांगितलं आन म्हनलं, "म्हाळसा, ज्यानं मारलं त्याचंच उपकार मानायचं आसलं, तर मला त्यो देव नगं." मला काय ते पटलं न्हाय. पर त्यातलं दुखनं कळलं, म्हनून मी कवा ह्यांना हात जोडा म्हनलं न्हाय.

माझं मानायचं कारन छकुली. लगीन झाल्यावर लई सालं कूस उजवली न्हाय. बायका वटी भरायला बोलवायच्या बंद झाल्या. मी अनवानी देवळात जायची, वली चोळी अंगावर वाळवायची. बिरुबाला नवस केला, आन छकुली झाली. आता म्हना काय म्हनायचं ते. माझ्या पदरात पोर हुती, मला दुसरा पुरावा कशाला पायजे?

पोर लई वाचाळ. फुडचं दात पडल्यालं, सगळं बोलनं फसफस. येकदा ह्यांना म्हनली, "पप्पा, देव हाय का?"

"तुझ्या मम्मीला इचार. त्ये खातं तिच्याकडं हाय."

माझ्याकडं आली. मी म्हनलं, हाय की. तर म्हनती, "मंग पप्पाला कसा दिसत न्हाय?"

मी पिठाच्या हातानं तिचा गालगुच्चा घेतला. म्हनलं, "पप्पा कंपनीत गेलं की मंग येतुया देव. पप्पा घरात आसलं की येत न्हाय." पोर खुदूखुदू हसली, आन ते बोलनं तिच्या मनात बसलं.

औंदा पाऊस सरता सरंना. दसरा आला तरी उसाच्या सऱ्यांत पानी, वाटंवर पानी. डासांनी मेंढरांचं कान फोडलं. हे घरातली पिपं दर आयतवारी उपडी करायचं, पर शेजारच्या रानातलं पानी कोन उपडं करनार? छकुलीला ताप आला. गावातल्या डॉक्टरनं रगत तपासलं, डेंगू निघाला, आन आमी तिला बारामतीला दवाखान्यात न्हेली. डॉक्टर चांगली बाई हुती. पोटच्या पोरावानी बघायची. पेशी कमी व्हत चालल्यात म्हनायची, पानी चढवायची, सारखं रगत तपासायची. मी कॉटखाली चटई टाकून बसल्याली. हे बाटलीतल्या थेंबांकडं बघत उभं ऱ्हायचं.

मंग येका सकाळी ताप उतरला. पोरीचं अंग गार लागलं. मला वाटलं, सुटलो. डॉक्टरीन म्हनली, "ताप उतरला म्हणजे झालं असं नाही. आत्ताच खरं जपायचंय." हे मान हालवत हुतं. मी ऐकलं, पर कानात शिरलं न्हाय. तेवढ्यात मामांचा फोन आला. मी आदल्या दिशी त्यास्नी फोनवर रडून म्हनलं हुतं, देवाला इचारा, माझी पोर घरी येती का.

"म्हाळसा," मामा वरडून बोलत हुतं, "उजवा दिला गं! उजवा कौल दिला! पोर घरी येतीया. तू ये, नवस तुजा हाय, आंबील कर, निवद दाव, आन भंडारा न्हे तिच्या कपाळाला."

मी ह्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हनत्याल, देव कुठं पळून चाललाय व्हय. पर हे म्हनलं, "जा. मी हाय हितं. तुज्या जीवाला बरं वाटंल." माझा फोन मी ह्यांच्यापाशी ठिवला, दवाखान्यात लागतुया म्हनून. छकुलीचा मुका घेतला. ती म्हनली, "लई भंडारा आन. कपाळभर."

यष्टीनं निमगावला आले. माळ चढून वस्तीवर गेले, अंगावर गार पानी घेतलं, आंबील शिजवली. देवापुढं ठिवली. मामांनी कागदाच्या पुडीत भंडारा बांधून दिला. मी किती आनंदात हुते म्हनून सांगू! यष्टीत बसल्यावर शेजारच्या बाईला सांगितलं, माझी पोर उठली आजारातनं, देवानं कौल दिला. ती बी हात जोडून म्हनली, आसाच पावो.

दवाखान्याचा जिना चढले तर डॉक्टरीन भेटली. तिनं माझा हात धरला. तवाच मला कळायला पायजे हुतं. आत गेले तर पोरीच्या अंगावर गळ्यापतूर पांढरी चादर, आन कॉटपाशी हे. हात जोडून बसल्यालं. मला वाटलं, डॉक्टरच्या पाया पडत हुतं आसतील, तसंच हात ऱ्हायलं. मी पोरीच्या कपाळाला हात लावला. सकाळपेक्षा गार.

मला कुनी सांगितलं त्ये आठवत न्हाय. मी गेल्यावर जराशानं पोट दुखाया लागलं, नाडी लागंना, समदी पळापळ झाली. ती मला बोलवत हुती, येवढं कळलं. मी तवा चुलीपुढं बसून आंबील हालवत हुते. त्या देवासाठी. पुडी मी दवाखान्याच्या आवारात भिरकावली, आन वरडले. काय वरडले त्ये सांगत न्हाय. त्ये कुनाच्या बी त्वांडात येऊ नये.

घरी आल्यावर देव्हारा उचलला आन माळ्यावर टाकला, मोकळ्या पिपाच्या मागं. मामा बघत हुतं. मी म्हनलं, "मामा, तुमचा देव हाय का न्हाय मला ठावं न्हाय. न्हाय तर न्हाय. पर आसला, तर त्यानं माज्या पोरीच्या उशापास्नं मला उठवून न्हेलं. खोटं सांगून न्हेलं. आसल्याच्या पाया मी पडनार न्हाय."

मामांनी पटका काढला आन त्वांडावर धरला.

दिस काय थांबत्यात व्हय कुनासाठी. मका काढायला आला, मी काढाया गेले. घरी येऊन मेंढरास्नी पाला टाकायचा, शेन काढायचं. हे कामावर जायचं, यायचं. मानूस वाळत चाललं. ताटात भाकरी वाढली की अर्धी मोडायची, तेवढी खायची, अर्धी परत दुरडीत ठिवायची. मी म्हनायची, "आवो, खावा की." हे म्हनायचं, "झालं." कंपनीतनं मानसं सांगायची, सिद्धू मशीनपाशी उभ्या उभ्या डुलतुया, हात घालंल कवातरी आत. मला त्येची भीती बसली. पोर गेली, आता हे बी जात्यात का काय.

मामांनी तवापास्नं कौल लावायचा सोडला. लांबनं मानसं यायची, नारळ घेऊन बसायची, मामा म्हनायचं, "हात कापत्यात बाबा. दुसरीकडं जावा." दिवा तेवढा लावायचं. मला वाटलं, लाज वाटती म्हाताऱ्याला. वाटूंदे.

नळावर ठमाबाई भेटली. गावातली जानती बाई म्हनवती. माझी घागर भरता भरता म्हनली, "देव आसा उगं कोपत न्हाय गं. तुझ्याच हातनं कायतरी शिवाशिव झाली आसंल, बग आठवून." चार बायका ऐकत हुत्या. मी घागर तशीच सोडून आले. पानी वाहत ऱ्हायलं.

दिवाळी झाली, आन बिरोबाची जत्रा जवळ आली. जत्रंला पयला निवद आमच्या घरचा. घरच्या सुनंनं डोक्यावर पाटी घेऊन जायचं, आन तिनंच आत शिरून देवाच्या अंगाशी ठिवायची. बाकीची समदी उंबऱ्याभाहीर. सासूबाई हुत्या तवर त्या न्यायच्या, मंग मी. भावकीतलं आप्पासाहेब आलं. ह्यांचं चुलतभाऊ लागत्यात. खुर्चीवर बसून म्हनलं, "वहिनी, येत नसशीला तर सांगा. आमच्या घरची सून न्हील निवद. पर येकदा मान हितनं हालला की परत यायचा न्हाय. मंग पूजा बी आमच्याकडं. तात्यांचं वय झालंच की."

मामा खाली घोंगड्यावर बसल्यालं. त्यांच्याच घरात त्यांच्या डोक्यावरनं बोलनं चाललेलं. मी म्हनलं, "न्ह्या. समदं न्ह्या. दगड बी उचलून न्ह्या."

आप्पासाहेब उठून गेलं. मामा मेंढरांकडं गेलं, आन येका मेंढीच्या पाठीवर हात ठिवून लई येळ उभं ऱ्हायलं.

दुसऱ्या दिशी मी हौदापाशी धुनं काढलं. ह्यांचा कंपनीचा शर्ट भिजवला आन पानी पिवळं झालं. खिशात हात घातला. कागदाची पुडी. मामांनी बांधल्याली, तीच. मी दवाखान्यात फेकली हुती, ती.

हे दुपारची भाकरी खायला बसत हुतं. मी पुडी म्होरं आपटली. "ह्ये काय हाय?"

ह्यांनी ताट बाजूला सारलं.

"तुमी? तुमी ह्ये खिशात घालून हिंडताय? कुनापुढं कवा हात जोडला न्हाय त्यो मानूस, आन आता? माझी पोर गेल्यावर तुमाला देव सुचला व्हय? लाज वाटत न्हाय?" मी लई बोलले. मला बोलायचंच हुतं कुनाला तरी.

हे म्हनलं, "म्हाळसा, बस हितं."

"न्हाय बसत."

"बस गं." आवाज आसा आला की मी बसले.

"तू गेल्यावर तिचं पोट दुखाया लागलं. डॉक्टर आली, सुई लावली, परत पळत गेली. छकुली मला म्हनली, पप्पा, तुमी जरा भाहीर थांबा. मी म्हनलं, का गं बाळा? तर म्हनली, तुमी हितं हाय म्हंजी देव यायचा न्हाय. मम्मीनं बोलावलाय त्येला."

मी पदर त्वांडात कोंबला.

"मी भाहीर कसा जानार? हात सोडवंना. म्हनलं, यील गं. मी बी आता मानतुया देव. ती म्हनली, खरं? म्हनलं, खरं. म्हनली, शप्पत? मी तिच्याच डोक्यावर हात ठिवला आन म्हनलं, शप्पत. मंग म्हनली, हात जोडा. मी जोडलं. ती बघत ऱ्हायली माझ्या हाताकडं. म्हनलं, त्यो बघ, माळावरनं येतुया, घोंगडं घेऊन येतुया, तुला थंडी वाजती ना. ती हासली बी जराशी." ह्यांनी डोळं पुसलं न्हाईत. "मंग समदी डॉक्टर आली. मला बाजूला केलं. मी हात सोडलंच न्हाईत."

भाहीर कोंबड्या धुन्याच्या पान्यात चोचा मारत हुत्या. मी त्यांच्याकडं बघत बसले. कुठं बघायचं कळंना.

"आता मी देव न्हाय कसं म्हनू?" हे म्हनलं. "न्हाय म्हनलं तर पोरीला शेवटचं बोललो ते खोटं हुतं. शपथ घेऊन खोटं. तिला आनायला कुनी आलंच न्हाय मंग. येकलीच गेली मंग ती. माझ्याच्यानं त्ये सोसवत न्हाय, म्हाळसा. मला आसूंदे देव."

बघा कसं झालं त्ये. येकच दुपार. ह्यांना देव पायजे, न्हायतर पोर येकली गेली. मला देव नगं, कारन आसला तर त्यानं मला पोरीपास्नं तोडलं. दोघांचं बी खरं. मी ह्यांना देव न्हाय म्हनलं तर हे मरत्याल, आन हाय म्हनलं तर मी.

मी पुडी उचलली, पदरानं कोरडी केली, आन ह्यांच्या हातात दिली. म्हनलं, "निवद मी न्हेते."

"मानत न्हाईस तर कशाला?"

"तुमच्यासाठी न्हेते."

जत्रंच्या सकाळी मी आंबील केली, घुगऱ्या केल्या. तीच चूल, तेच भांडं. पाटी डोक्यावर घेतली, ढोल वाजाया लागलं, भंडारा उडाया लागला. ठमाबाई बायकांत म्हनली, "आली बाई सरळ." मी ऐकून घेतलं.

देवळात मामा देवापाशी बसल्यालं. मी पाटी घेऊन आत शिरनार तवर हे उंबऱ्यापाशी आलं. अंघूळ केल्याली, कपाळाला त्याच पुडीतला भंडारा. म्हनलं, "आबा, मला कौल पायजे."

ढोल थांबलं. मामा म्हनलं, "कौल सोडला मी, लेकरा."

"येकच. परत कवा मागनार न्हाय."

आप्पासाहेब म्हनलं, "लावा की तात्या. पुजाऱ्याचा ल्योक जलमात पयल्यांदा मागतुया."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मंग शेवंतीची दोन फुलं पान्यात बुडवली. येक उजव्या खांद्याला लावलं, येक डाव्या.

हे मोठ्यानं म्हनलं, "बिरुबा, त्या दिशी तू आल्तास का? माझी पोर तुझ्यापाशी हाय का? आसली तर उजवं दे."

बायकांच्या डोळ्याला धार लागली. हे दगडाकडं बघत हुतं, कॉटपाशी बाटलीतल्या थेंबांकडं बघायचं तसंच. लई येळ गेला. फुलं हालंनात. पाटीनं माझी मान भरून आली. आन मंग मला दिसलं. डावं फूल सुटाया लागलं हुतं. येक पाकळी दगडाला, बाकी फूल खाली कलल्यालं.

ह्यांच्या डोळ्यास्नी ते अजून दिसलं नव्हतं.

मी आत शिरले. निवद ठिवायचा मान माझा, मला कोन आडवनार? देवाला आड करून उभी ऱ्हायले, पाठ समद्यांकडं, पाटी उतरवाया वाकले, आन वाकता वाकता उजव्या खांद्यावरलं फूल कोपरानं खाली पाडलं. तेच उजवं फूल. त्यानंच माझं वाटूळं केलं हुतं.

मागं सरकले. मामा माझ्या हातभर अंतरावर बसल्यालं. त्यांनी बघितलं. त्यांच्या डोळ्यात मला दिसलं की त्यांनी बघितलं. मी म्हनलं मनात, आता म्हातारा बोलतुया. पुजारी हाय त्यो, देवाच्या कौलात हात घातला म्हंजी काय लहान पाप हाय?

मामांनी फूल उचललं, वर धरलं. "उजवा! उजवा दिला!" त्यांचा आवाज फाटला. "बिरुबाच्या नावानं चांगभलं!"

सगळा माळ वरडला. ढोल उठलं. हे उंबऱ्यावरच खाली बसलं, कपाळ दगडाला टेकवलं, आन रडलं. पोर गेल्यापास्नं पयल्यांदा. हंबरडा फोडून. डावं फूल मागनं कवा पडलं, कुनी बघितलं बी न्हाय.

दुसऱ्या दिशी मामांनी मेंढरं कातराया काढली. लोकर वाढली हुती. मी मेंढीचं पाय धरायची, मामा कातर चालवायचं. हे कामावर गेल्यालं. काळी लोकर माझ्या मांडीवर पडत हुती.

मामा म्हनलं, "म्हाळसा, त्या दिशी बी डावंच पडाया लागल्तं."

मला आदी समजलं न्हाय. मंग समजलं.

"आदल्या दिशी तू फोनवर रडत हुतीस. देऊळभर मला तुजं रडनंच ऐकू येत हुतं. डावं सुटाया लागलं, आन मी नखानं उजवं काढलं. जलमात येकदाच केलं, बाय. वाटलं, देव काय, थोडं उशिरानं व्हय म्हनंल. तुला तरी आजच्या दिस बरं वाटूंदे." कातर थांबली. "तू निवदाला येशील, तवर पोर जाईल, ह्ये मला कुठं ठावं?"

मेंढी धडपडाया लागली. मी तिचं पाय आवळलं. मला वरडायचं हुतं. त्या म्हाताऱ्याच्या अंगावर जायचं हुतं. माझ्या पोरीची शेवटची घटका ह्येनं नखानं काढून घेतली हुती. देवानं न्हाय, ह्येनं. पर काल मी काय केलं हुतं? ह्यांचं त्वांड बघवंना म्हनून मी बी तेच केलं हुतं. त्याच खांद्यावरलं, तेच फूल. मंग म्हाताऱ्याला मी कंच्या त्वांडानं बोलू?

"आता तू सांग," मामा म्हनलं. "देव हाय का न्हाय? आसता तर दोनी येळंला माझा न्हायतर तुजा हात धरला आसता. का त्येनंच करायला लावलं? जलमभर पुजला, आन आता मला कळंना झालंय."

"मला नगा इचारू मामा," मी म्हनलं. "कातरा. मेंढरू दमलं."

मामांनी कातर उचलली. त्यांच्या डोळ्यातलं पानी लोकरीवर पडत हुतं, आन माझं बी. पुसायला हात मोकळा नव्हता कुनाचा.

दिस कलल्यावर हे आलं. हातपाय धुतलं. माळ्यावरनं देव्हारा उतरवला, पुसला, जागच्या जागी ठिवला, दिवा लावला. मी चुलीपुढनं बघत हुते. त्यात मामांचा हात दिसला मला, माझा दिसला. देव दिसला न्हाय. हे हात जोडून उभं, त्वांडावर कवाची न्हाय ती शांती.

मंग ताटावर बसलं. भाकरी वाढली. म्हनलं, "आज तिला थंडी वाजत नसंल, न्हाय गं?"

मी मामांकडं बघितलं. मामा भिताडाकडं बघत हुतं.

"न्हाय वाजत," मी म्हनलं. "देवानं घोंगडं घातलंय तिच्या अंगावर."

ह्यांनी मान हालवली. ताटातली भाकरी संपवली, अर्धी मोडली न्हाय. आन हात म्होरं केला.

"आनखी येक दे," म्हनलं. "भूक लागलीया."